चुलत सासरे सरपंच आहेत, मग विचारायचं कसं?

प्रश्न : भाऊसाहेब, लग्न होऊन या गावात आले त्याला तीन वर्षं झाली. आमच्या आळीत गटाराचं काम पूर्ण झालं असं ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलंय, पण निम्म्या आळीत अजून गटारच नाही. सांडपाणी दारातून वाहतं. मागच्या ग्रामसभेत मी उभी राहिले आणि खर्च किती झाला, एवढंच विचारलं. सरपंच माझे चुलत सासरे लागतात. ते काही बोलले नाहीत, पण घरी आल्यावर सगळ्यांनी ऐकवलं, 'चारचौघांत थोरल्या माणसाला असं विचारतात का?' माझं चुकलं का?
– एक वाचक (नाव छापू नये)

उत्तर : ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. विचारत राहा.

मी ३१ वर्षं ग्रामसेवक होतो. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. तुम्ही ज्या टेबलासमोर उभ्या राहिलात, त्या टेबलामागे मी बसायचो. प्रश्न कसा झोंबतो हे मला ठाऊक आहे.

नोकरीला लागून तीन-चार वर्षं झाली असतील. ग्रामसभेत मी जमाखर्च वाचत होतो. विहिरीतला गाळ काढल्याची रक्कम आली तशी एक म्हातारी उठली. 'भाऊसाहेब, मी रोज त्याच विहिरीवर जाते. गाळ काढला कधी?' लोक हसले. माझं डोकं फिरलं. म्हणालो, 'आजी, काम झाल्याची सही आहे कागदावर.' ती म्हणाली, 'सही असंल. माझा पोहरा अजून गाळच वर आणतोय.'

त्या रात्री झोप लागली नाही. उजाडताच एकटाच विहिरीवर गेलो, पोहरा सोडला. वर आला तो काळ्या चिखलानं निम्मा भरलेला. मोजमाप पुस्तिकेतल्या, म्हणजे झालेलं काम मोजून लिहायच्या वहीतल्या, आकड्यावर भरवसा ठेवून, जागेवर न जाता मी बिल काढलं होतं. ठेकेदाराला बोलावून काम करून घेतलं. दोन महिन्यांनी लेखापरीक्षण लागलं. त्या आजीनं विचारलं नसतं तर मी सापडलो असतो, आणि चूक माझीच होती. त्यानंतर जागा पाहिल्याशिवाय मी एकही बिल काढलं नाही.

घरच्यांना हे वाचून दाखवा. थोरल्यांचा मान राखायलाच हवा. घरी सासऱ्यांच्या पाया पडा. पण ग्रामसभेत ते अध्यक्ष असतात आणि तुम्ही मतदार. तिथं 'अध्यक्ष महोदय' म्हणूनच बोला. नातं मधे आलं की त्यांनाही उत्तर देणं जड जातं.

आता कसं विचारायचं ते. 'पैसे कुठं गेले?' असं विचारलं की समोरच्याला आरोप वाटतो आणि भांडण सुरू होतं. कागद मागा. अंदाजपत्रकात गटाराची लांबी किती मीटर, मोजमाप पुस्तिकेत किती नोंदवली, बिल किती मीटरचं निघालं? मग टेप घेऊन आळीत जेवढं गटार आहे तेवढं मोजा. ते मीटर सभेत सांगा आणि 'माझा प्रश्न प्रोसिडिंगला घ्या', म्हणजे सभेच्या इतिवृत्तात लिहा, असा आग्रह धरा. नोंद झाली की उत्तर टाळणं अवघड होतं. पंचायतीचा खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवरही पाहता येतो.

वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायलाच लागतात, आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा. ही महिला सभा बऱ्याच गावांत नुसती रजिस्टरवर होते. ती खरोखर भरवा, आळीतल्या चारजणी बरोबर घ्या. प्रश्न विचारणाऱ्याला काही धोका नसतो, असं मी सहज म्हणणार नाही. माहितीच्या अधिकारासाठी झटणारे सतीश शेट्टी यांचा २०१० मध्ये तळेगाव दाभाड्यात खून झाला. तुमचं प्रकरण एका गटाराचं आहे, तरी एकट्या पडू नका.

सभेत उत्तर मिळालं नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. जोडपत्र 'अ' हा अर्जाचा नमुना भरा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. विषय एकच ठेवा, मजकूर १५० शब्दांच्या आत. माहिती कशाला हवी, हे कोणी विचारलं तरी सांगायला तुम्ही बांधील नाही, कायद्यातच तसं लिहिलंय. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला राज्य माहिती आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो, आणि तो त्याच्या स्वतःच्या खिशातून जातो.

अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. ३० दिवस त्या तारखेपासून मोजायचे आहेत.