उपक्रम संपला आणि चालणेही थांबले

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ५४ असून त्यांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे. कार्यालयाने घेतलेल्या तीन महिन्यांच्या आरोग्य उपक्रमात ते रोज चालत असत. उपक्रम संपल्यावर महिन्याभरात चालणे बंद पडले. मी रोज आठवण करते, पण त्यावरून वादच होतात. काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चालणे उपक्रमाबरोबरच संपले, ही आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला वाटते. त्या तीन महिन्यांत सकाळी कोणीतरी त्यांची वाट पाहत होते, नोंद विचारत होते, एखादा दिवस चुकला तर चौकशी करत होते. सवय अंगवळणी पडण्याआधीच हा आधार निघून गेला. याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल.

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशाच उंबरठ्यावरील लोकांना आहाराचा आणि रोज अर्धा तास चालण्याचा सल्ला तर दिलाच, शिवाय पुढे दूरध्वनीवरून त्यांची नियमित विचारपूसही केली. तीन वर्षांत नेहमीचाच सल्ला मिळालेल्या गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, तर या गटात सुमारे ३९ टक्के लोकांना. अशी विचारपूस आता आपल्याला घरातूनच उभी करायची आहे.

मात्र ‘आज गेला नाहीत ना?’ हा प्रश्न ऐकणाऱ्याला हजेरी घेतल्यासारखा लागतो. त्याऐवजी त्या तीन महिन्यांत आवडले काय आणि जड काय गेले, हे त्यांनाच विचारावे आणि वेळ, रस्ता, सोबती त्यांनाच ठरवू द्यावेत. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचे बूट चार महिने पलंगाखाली खोक्यात पडून होते. शेजारी संध्याकाळी फाटकातून हाक मारू लागले, तेव्हा ते बाहेर निघाले.

सुरुवात जेवणानंतर दहा मिनिटे चालण्याने केली तरी पुरे. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, हे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण हळूहळू गाठता येते, आणि दर वेळी सलग दहा मिनिटे तरी चाललेच पाहिजे, ही जुनी अटही २०२० च्या सूचनांमध्ये राहिलेली नाही.

चालताना छातीत दाब जाणवला किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर लगेच थांबून डॉक्टरांना दाखवावे. एरवी तीन महिन्यांनी साखर पुन्हा तपासून घ्यावी.