‘सी’चा प्रोग्राम -ओ० ला (ऑप्टिमायझेशन बंद) नीट चालतो, -ओ२ (ऑप्टिमायझेशन चालू) दिलं की कंट्रोल-सी दाबूनही थांबत नाही. कंपायलर चुकीचा मशीन कोड काढतोय का?

नाही. चूक तुमच्या ‘सी’त आहे. ‘-ओ२ काढून टाका’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. त्याने चूक झाकली जाते, जात नाही.

तुमच्या कोडमध्ये ‘थांब’ हा ग्लोबल इंट आहे, सिग्नल हँडलर (कंट्रोल-सी दाबल्यावर चालणारं फंक्शन) त्यात १ टाकतो आणि तो शून्य असेपर्यंत मेनमध्ये रिकामा व्हाइल लूप फिरतो. हा कोड एक्स८६-६४ प्रोसेसरवर जीसीसी कंपायलरने -ओ० ला कंपाइल करा आणि ऑब्जडम्प -डी (मशीन कोड वाचता येईल असा दाखवणारं टूल) चालवा. लूपमध्ये तीन इन्स्ट्रक्शन दिसतील. मूव्ह ‘थांब’ मेमरीतून ईएएक्स या रजिस्टरमध्ये आणते (६ बाइट), मग ते शून्य आहे का बघणारी टेस्ट (२ बाइट), मग शून्य असेल तर मागे उडी मारणारी जेई (२ बाइट). जेईचे बाइट हेक्समध्ये ७४ एफ६. एफ६ म्हणजे उणे १०, लूपची अख्खी लांबी. दर फेरीला मेमरी वाचली जाते.

आता -ओ२ बघा. मूव्ह आणि टेस्ट लूपच्या आधी, एकदाच. लूप उरला दोन बाइटांचा: ईबी एफई. जम्प, उणे २, म्हणजे स्वतःवरच. हँडलर मेमरीत १ लिहितो, पण तो वाचायला परत कुणी जातच नाही.

कंपायलर ओळीमागून ओळ उतरवत नाही. आधी तो स्वतःच्या मधल्या रूपात जातो (जीसीसीत गिंपल) आणि बघतो, या लूपच्या आत ‘थांब’ला कुणी हात लावतं का? कुणीच नाही, मग वाचन बाहेर. ‘सी’ भाषेच्या स्टँडर्डला हे मान्य आहे.

लूपमध्ये प्रिंटएफ टाकला की ‘आपोआप’ चालू लागतं, तेही याचमुळे. बाहेरचं फंक्शन ग्लोबल बदलू शकतं, म्हणून कॉलनंतर ते पुन्हा वाचावंच लागतं. लोक तिथेच थांबतात आणि दोष कंपायलरला लावतात.

‘थांब’चा प्रकार व्होलटाइल सिग_अ‍ॅटॉमिक_टी करा (व्होलटाइल म्हणजे दर वेळी मेमरीतूनच वाच) आणि परत ऑब्जडम्प बघा: मेमरीचं वाचन लूपमध्ये आलेलं दिसलं पाहिजे.

हे सिग्नलपुरतंच. दोन थ्रेड असतील तर व्होलटाइल पुरत नाही, सी११ (‘सी’ची २०११ची आवृत्ती) चे अ‍ॅटॉमिक वापरा. शिवाय रिकामा लूप अख्खा कोअर खातो. सिग्नल आधी ब्लॉक करून सिगसस्पेंडवर (सिग्नल येईपर्यंत प्रोग्राम झोपवणारा कॉल) थांबणं कधीही बरं.