तह झाला, पण सलूख झाला का?

प्रश्न एका कथालेखिकेचा आहे. तिच्या कथेत १४ जानेवारी १७६१ हा दिवस उलटा फिरतो. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागत नाही, भाऊसाहेब जिंकतात आणि अहमदशहा अब्दाली हरून कंदाहारला परततो. कथा सुरू होते ती त्यानंतर दहा वर्षांनी. पुणे आणि कंदाहार यांच्यात आता लढाई नाही, व्यापारी ये-जा करतात, पण जुनं वैर कुणी विसरलेलं नाही. या अवस्थेला मराठीत काय म्हणायचं: तह, करार, संधी की सलोखा? तिचं सध्याचं वाक्य असं आहे: ‘युद्धानंतर दोन्ही राष्ट्रांमध्ये तह होता आणि त्यांचे संबंध सामान्य झाले होते.’

आधी ‘तह’ घेऊ. मराठीत तह ठरतो, होतो, पाळला जातो, मोडतो. किल्ले तहात जातात, मुलूख तहात मिळतो. म्हणजे तह ही घडणारी गोष्ट आहे. तिला दिवस असतो, जागा असते, कलमं असतात. म्हणून तर आपण तहांना गावांची नावं देतो: पुरंदरचा तह, वारणेचा तह, सालबाईचा तह. ‘लढाईत कमावलं आणि तहात गमावलं’ ही आपली म्हणही तहाकडे एक प्रसंग म्हणूनच बघते. दहा वर्षं चाललेल्या अवस्थेला नुसतं ‘तह होता’ म्हटलं की वाक्य अर्धवट वाटतं ते यामुळेच. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले. तो तह झाला हे खरं, पण शिवाजी महाराज आणि औरंगजेब यांच्यात तेव्हा नांदत होतं ते काय, हे ‘तह’ या शब्दातून कळत नाही.

ते सांगायला मराठीकडे दुसरा शब्द आहे, आणि तो मला फार आवडतो: सलूख. सलोखा हे त्याचंच आज जास्त चालणारं रूप. मूळ अरबी ‘सुलूक’ म्हणजे चाल, वागणूक. हिंदीत ‘सलूक’ अजून त्याच अर्थाने आहे. वागणूक चांगली की वाईट ते तिथे वेगळं सांगावं लागतं. मराठीत मात्र हा शब्द चांगल्या वागणुकीकडे झुकला आणि मग दोन घरांतल्या, दोन दरबारांतल्या बऱ्या संबंधांचं नाव झाला. तह कागदावर होतो, सलूख वागण्यात दिसतो. तह एका दिवसात मोडतो. सलोखा बिघडतो, उणावतो, पुन्हा जुळवावा लागतो. लेखिकेला जी अवस्था दाखवायची आहे, तिचं नाव हेच.

एक धोका सांगून ठेवतो. जुन्या कागदांत ‘सला’ किंवा ‘सल्ला’ हा शब्द तह, समेट या अर्थाने भेटतो. तो अरबी ‘सुल्ह’पासूनचा. आज आपण घेतो-देतो तो सल्ला वेगळा, तो ‘सलाह’पासूनचा. कथेत जुना रंग आणायचा म्हणून ‘पेशव्यांनी अब्दालीशी सल्ला केला’ असं लिहिलं, तर आजचा वाचक दोघांनी मिळून मसलत केली असं समजेल.

‘संधी’चं तसंच आहे. संस्कृत राजनीतीत संधी आणि विग्रह (म्हणजे युद्ध) ही जोडी पक्की आहे, आणि ताम्रपटांत ‘सांधिविग्रहिक’ नावाचा अधिकारीही भेटतो. पण मराठी कानाला संधी म्हणजे आधी ‘चान्स’. ‘शस्त्रसंधी’ या जोडशब्दात तो जुना अर्थ टिकला आहे, तेवढाच. ‘युद्धबंदी’ तर टाळावाच. तो लढाई थांबण्यालाही वापरतात आणि लढाईत पकडलेल्या कैद्यालाही. ‘करार’ चालेल, पण त्याचा वास आजचा आहे. ताश्कंद करार, सिमला करार म्हणणारे आपण व्हर्सायचा मात्र तहच म्हणतो. अठराव्या शतकातल्या कथेत तहच शोभेल.

आता मुख्य गोष्ट. सलूख दाखवायचा कसा? यासाठी कल्पनाशक्ती फार ताणायला नको, कारण पुण्याने अशी अवस्था खरोखर अनुभवली आहे. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहाने संपलं. त्यानंतर वीस वर्षं दोघांत लढाई झाली नाही. १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट इंग्रजांचा वकील म्हणून पुण्यात आला. मुळा-मुठेच्या संगमावर वकिलाचा बंगला उभा राहिला, दरबारात भेटी झाल्या, पोशाख दिले-घेतले गेले, आणि १७९० मध्ये टिपूविरुद्ध दोघांनी हातमिळवणीही केली. काही वर्षांपूर्वी वडगावला एकमेकांवर तोफा डागणारे हे लोक! दोघांचा एकमेकांवर विश्वास होता असं कुणी म्हणणार नाही, पण सलूख होता. पुढे १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या दिवशी तोच बंगला जळाला. कथेतला कंदाहारचा माणूस पुण्यात कुठे राहील, त्याला कोण भेटेल, त्याच्यावर कोण नजर ठेवेल, याचा नमुना इथे तयार आहे. त्याला ‘राजदूत’ म्हणू नका, वकील म्हणा. शिवकालातला शब्द हवा असेल तर हेजीब. परराज्यातल्या कचेरीला आपण ‘वकिलात’ म्हणतो ते या वकिलावरूनच.

आणि अब्दालीचंही ध्यानात घ्यावं. खऱ्या इतिहासात तो जिंकला, तरी त्यानंतर पेशव्यांशी समेटाची बोलणी त्यानेच लावली. जिंकलेल्यालाच समेट हवा होता, तर हरलेल्याला तो का नको असेल? कथेतला सलूख ओढूनताणून आणलेला वाटणार नाही.

राहिला वाक्यातला बाकीचा भाग. ‘राष्ट्र’ त्या काळच्या तोंडी आजच्या अर्थाने बसत नाही. दौलत, राज्य, पातशाही हे शब्द आहेत. ‘संबंध सामान्य होणे’ हे हिंदी बातम्यांतून आलेलं आहे. मराठीत सामान्य म्हणजे साधारण. संबंध सुरळीत होतात किंवा पूर्ववत होतात. आणि लढाई चालू असताना मराठी तोंडी अफगाण म्हणजे ‘गिलचे’. सलूख झाल्यावर पुण्याच्या दरबारात ‘गिलचा’ मागे पडून ‘अहमदशहा’ पुढे आला, असं एखाद्या संवादात दाखवता आलं, तर दहा वर्षांचा बदल एका शब्दात सांगून होईल. बाजारात मात्र गिलचेच राहतील.

मी ते वाक्य असं लिहीन: ‘तहाला दहा वर्षं झाली. पुण्यात कंदाहारचा वकील राहत होता, कंदाहारात पेशव्यांचा. सलूख होता, घरोबा झाला नव्हता.’ आणि कथेत पत्र घालायचं असेल तर: ‘उभयपक्षीं सलूख जाहला असतां सरहद्देवर उपद्रव होतो, हें स्नेहास ठीक नाहीं.’

एक गोष्ट लेखिकेने विचारलेली नाही, पण तिच्या कथेत ती पानोपानी आड येईल. आपण ‘पानिपत होणे’ म्हणतो ते पुरता धुव्वा उडणे या अर्थाने. तिच्या जगात त्याचा अर्थ उलटा होईल. पुण्यातली आजी नातवाला ‘परीक्षेत पानिपत कर’ असा आशीर्वाद देईल. ‘भाऊगर्दी’ हा शब्द त्या दिवशीच्या गोंधळातून आला, तो तिथे जन्मलाच नसेल. ‘विश्वास तर पानिपतात गेला’ ही कोटी तिथे कुणाला सुचणार नाही, कारण विश्वासराव जिवंत आहेत, कदाचित पेशवेही झाले आहेत. आणि १७५८ च्या मोहिमेवरून आलेलं ‘अटकेपार झेंडे लावणे’ तिथे कौतुकाचं राहील का? सिंधूकाठचं अटक जर रोजचा नाका असेल, वकिलांच्या थैल्या आणि घोड्यांचे सौदागर तिथूनच जात असतील, तर ‘अटकेपार जाऊन आलो’ हे तिथे कुणीही सहज म्हणेल. निवेदक त्या जगातला असेल, तर हे चारही शब्दप्रयोग आजच्या अर्थाने त्याच्या तोंडी येता कामा नयेत.