शेतीच्या धबडग्यात देवाशी जवळीक कशी ठेवावी?

तुम्ही म्हणता, केळीच्या कामात प्रार्थनेला वेळ उरत नाही आणि रविवारी चर्चमध्येही देव लांबच वाटतो. मीही जळगावच्या केळीपट्ट्यातला, रावेरकडचाच. पाण्याच्या मोटारीची लाइट रात्री येते. पाणी सुरू झालं की बांधावर बसून बायबलमधलं स्तोत्र २३ पुटपुटतो. पाठ आहे, बॅटरी लागत नाही. मग आईचे गुडघे, सोसायटीचं कर्ज, सगळं घरच्या बोलीत सांगतो. येशूही पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला गेला होता (बायबल, मार्क १:३५). तासभर बसायचा हट्ट सोडा, माझा तीनदा मोडलाय. आणि कुणाशी अबोला असेल तर आधी तो मिटवा. मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय. माझं घोडं तिथंच अडलं होतं, बांधाच्या भांडणावरून.