ऑनलाइन स्ट्रॅटेजी गेममध्ये आधी पाळी कोणाची, हे कसं ठरतं?

तुम्ही विचारलंय की चौघं मित्र सिव्हिलायझेशन ६ हा राज्य वाढवायचा गेम खेळताना तुमची चाल नेहमी मागे का पडते. त्यात पाळ्या एकत्र ठेवल्या असतील, तर पत्त्यांसारखं ‘आता पुढचा’ असं नसतंच. पाळी सगळ्यांची एकदम सुरू होते आणि ज्याची आज्ञा गेमपर्यंत आधी पोचली त्याची चाल आधी. नेट संथ असेल तर अर्धी लढाई तिथेच गेली.

आम्ही ठाणे, कळवा, ऐरोली असे आपापल्या घरून शनिवारी रात्री खेळतो. एकदा माझा जखमी तिरंदाज टेकडीखाली, समोर कळव्याच्या मित्राचा घोडेस्वार. नवी पाळी उघडली आणि मी तिरंदाजाला मागे ओढायच्या आत तो मेला. डोकं हरलं, बोट जिंकलं. मला हे अजिबात पटत नाही.

सेटिंगमध्ये पाळीचा प्रकार ‘डायनॅमिक’ ठेवा. शांतता असेपर्यंत सगळे एकत्र खेळतात, दोन खेळाडूंत युद्ध पेटलं की त्यांच्या पाळ्या एकामागून एक येतात. खेळ लांबतो, म्हणून टायमर लावाच. एकत्र बसणं जमत नसेल तर ‘प्ले बाय क्लाउड’ आहे. ऑफिसातून आल्यावर आपली चाल करायची, मग पुढच्याची पाळी.

माझ्या मते सगळ्यांत न्याय्य पद्धत १९५९ च्या डिप्लोमसी या पटावरच्या खेळाची. तिथे प्रत्येकजण हुकूम गुपचूप लिहितो आणि सगळे एकदम उघडतात, त्यामुळे वेगाला किंमतच उरत नाही.