सिझरमध्ये न विचारता तांबी बसवली, सही मात्र नवऱ्याची

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातली. आठ महिन्यांपूर्वी बेळगावच्या एका खासगी दवाखान्यात माझं सिझर झालं. कन्नडमध्ये छापलेल्या कागदावर नवऱ्याची सही घेतली. आम्हा दोघांनाही कन्नड वाचता येत नाही. परवा पोटात दुखतं म्हणून सोनोग्राफी केली, तेव्हा कळलं की तांबी बसवलीय. डॉक्टर म्हणतात, सही आहे. काय करू?

उत्तर : ताई, तुम्ही सज्ञान आणि शुद्धीवर होता, म्हणजे संमती तुमचीच हवी होती. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या २००८ च्या निकालात डॉक्टरांनी आईच्या सहीवर सज्ञान मुलीचं गर्भाशय काढलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ती सही ग्राह्य धरली नाही. एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही. सूट फक्त जीव किंवा आरोग्य वाचवायला तातडीनं करावं लागेल त्याला. तांबी पुढची गर्भधारणा टाळते, सिझरमधला धोका नाही. कागदावर 'आवश्यक ते सर्व उपचार' असं छापलेलं असलं तरी तांबी त्यात बसत नाही. शिवाय न कळणाऱ्या भाषेतल्या, कुणी वाचून न दाखवलेल्या कागदावरच्या सहीला समजून दिलेली संमती म्हणता येत नाही.

रक्तस्राव किंवा ताप असेल तर कोर्टकचेरी बाजूला ठेवून आधी दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. सोनोग्राफीचा रिपोर्ट जपा; तांबी काढली तर तारखेसह तशी लेखी नोंद मागा.

मग दवाखान्याला लेखी अर्ज द्या : संमतीपत्र, शस्त्रक्रियेची नोंद, नर्सच्या नोंदी, डिस्चार्ज कार्ड, सगळ्याच्या प्रती. पोच घ्या, नाही दिली तर स्पीड पोस्टानं पाठवा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार प्रती ७२ तासांत द्याव्या लागतात. हातात आल्यावर पाहा : तांबीचा उल्लेख मूळ छापील मजकुरात आहे की मागाहून पेनानं घातलाय? सहीची वेळ भूल देण्याआधीची आहे का? साक्षीदार कोण? अशा प्रकरणाचा निकाल बहुतेक वेळा या एका कागदावर लागतो, म्हणून नोटीस पाठवण्याआधी तो मिळवा.

तुम्ही बिल भरलंय, त्यामुळे बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येईल. डॉक्टरांच्या वर्तनाची तक्रार कर्नाटक वैद्यकीय परिषदेकडे वेगळी करा. भरपाई तिथे मिळत नाही. कोहली प्रकरणात भरपाई २५ हजार रुपयेच मिळाली होती, फी मात्र डॉक्टरांना गमवावी लागली. तेव्हा मोठ्या रकमेच्या आशेवर कर्ज काढून लढू नका.

आयोगाची मुदत दोन वर्षांची. ती तांबी कळल्यापासून धरावी असा वाद घालता येतो, पण त्यावर विसंबू नका. सिझरच्या तारखेपासूनच मोजा.