‘ऑथेल्लो’ हे मत्सराचे नाटक आहे की निषिद्ध प्रेमाचे?

आपण विचारले आहे की काळा सेनापती आणि गोरी तरुणी यांचे समाजाला न मानवणारे प्रेम शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’मध्ये कथानकातून व पात्रांतून कसे व्यक्त होते, आणि शेवटी सहज जोडले आहे, ‘मुळात हे नाटक मत्सराचेच, नाही का?’ त्या शेवटच्या वाक्यामुळे मी उत्तर लिहायला बसले. मुळात ते मत्सराचे नाटक नाही. बायकोच्या हरवलेल्या रुमालावरून सेनापती ऑथेल्लोला तिचा संशय येतो, ही रुमालाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण त्या बायकोचे, म्हणजे डेस्डेमोनाचे, वडील ब्रॅबॅन्शिओ यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही, कारण पहिल्या अंकानंतर ते रंगमंचावर येतच नाहीत. मला ते विसरता येत नाहीत. मी त्यांच्याच घरात वाढले.

१९८५ साली पुण्यात शिकायला आलेला केनियाचा एक विद्यार्थी आमच्याकडे येऊ लागला. त्याला घरी आणणारे माझे वडील, आप्पाच होते. आप्पा इतिहासाचे शिक्षक. त्या मुलाचे वडील केनियातल्या न्येरीकडचे असून १९५२ नंतरच्या आणीबाणीत इंग्रजांनी त्यांना छावणीत डांबले होते, हे कळल्यापासून आप्पांना तो दर रविवारी जेवायला हवा असे. इंग्रजांविरुद्धचे माऊ माऊचे बंड, जंगलात लपलेली माणसे, छावणीच्या काटेरी तारा, हे सारे ते त्याला पुन्हापुन्हा विचारीत. मी आमटीला फोडणी घालून पळीसकट स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहत असे. पुढे एम.ए.ला नाटक वाचताना ऑथेल्लोचे सिनेटपुढचे भाषण आले. तिचे वडील माझ्यावर लोभ ठेवीत, वारंवार घरी बोलावीत, माझी जीवनकहाणी विचारीत, आणि ती घरकाम भरभर उरकून ऐकायला परत येई, असे तो सांगतो. ती पळी मला तेव्हा आठवली.

आलेल्या-गेलेल्यांना आप्पा सांगत, ‘हा आमचा धाकटा मुलगा.’ १९८८ साली त्याने आणि मी विशेष विवाह कायद्याखाली लग्नाची नोटीस दिली. ती तीस दिवस कार्यालयाच्या फलकावर लावलेली असते. घरी योग्य वेळ पाहून सांगावे असे आमचे ठरले होते, पण त्याआधीच पेठेतल्या एका गृहस्थांनी ती वाचून संध्याकाळी कट्ट्यावर आप्पांच्या कानावर घातली, आणि ज्या शब्दांत घातली ते येथे लिहिण्याजोगे नाहीत. आप्पा घरी येऊन एवढेच म्हणाले, ‘मुलगा म्हटले होते, जावई म्हटले नव्हते.’ त्या आठवड्यात मावशीने मीठ-मोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली. ब्रॅबॅन्शिओही मुलीवर चेटूक झाले, तिला काहीतरी औषध चारले, अशीच फिर्याद घेऊन व्हेनिसच्या प्रमुखाकडे, ड्यूककडे जातात. मुलगी शुद्धीवर राहून असा निर्णय घेईल, हे त्यांच्या कल्पनेतच बसत नाही. (आप्पांना देवलांच्या ‘झुंझारराव’चे, म्हणजे ‘ऑथेल्लो’च्याच मराठी रूपांतराचे, मोठे कौतुक होते. त्यांना हे साम्य कधी दिसले नाही.)

आता आपल्या प्रश्नाकडे. नाटकाची सुरुवातही कट्ट्यावरच्या त्या बातमीसारखीच होते. मध्यरात्री ऑथेल्लोच्याच हाताखालचा, त्याचा द्वेष करणारा इयागो आणि डेस्डेमोनाने नाकारलेला रॉडरिगो खिडकीखाली आरडाओरडा करून बापाला उठवतात आणि मुलीच्या लग्नाची बातमी जनावरांच्या उपमा देऊन सांगतात. त्या संपूर्ण प्रवेशात ऑथेल्लोचे नाव एकदाही उच्चारले जात नाही. तो नुसता ‘मूर’, म्हणजे आफ्रिकेकडचा काळा माणूस, असतो. म्हणजे प्रेक्षकाला माणूस दिसण्याआधी त्याच्याविषयीच्या शिव्या ऐकू येतात, आणि मग पुढच्या प्रवेशात तलवारी म्यान करायला सांगणारा एक शांत माणूस समोर उभा राहतो. ‘पात्रांतून कसे’ याचे बरेचसे उत्तर मला या क्रमात दिसते. कथानकाचे म्हणाल, तर तुर्की आरमारावर लक्ष ठेवा. तुर्कांचे संकट दारात आहे तोवर व्हेनिसला ऑथेल्लो हवा असतो, म्हणून ड्यूक ते लग्न चालवून घेतो. दुसऱ्या अंकाच्या आरंभीच वादळात ते आरमार वाताहत होऊन जाते आणि सेनापतीला लढाईच उरत नाही. उरतो तो फक्त गोऱ्या बायकोचा काळा नवरा.

सर्वांत महत्त्वाचे वाक्य ब्रॅबॅन्शिओ जाता जाता बोलतात: हिच्यावर नजर ठेव, हिने बापाला फसवले, तुलाही फसवील. तिसऱ्या अंकात इयागो हेच वाक्य उचलून ऑथेल्लोच्या कानात घालतो, आणि थोड्याच वेळात ऑथेल्लो स्वतःशी म्हणतो की मी काळा आहे म्हणूनच कदाचित असे झाले असेल. रुमाल त्यानंतर खाली पडतो. आधी हा विषार भिनला नसता, तर रुमालाला कोणी विचारले नसते.

आमच्या विवाह नोंदणीच्या दिवशी दादा कार्यालयाच्या पायरीवर आला आणि माझ्या पतींना मराठीत म्हणाला, ‘जी बापाची झाली नाही, ती तुझी काय होणार?’ त्याने तेव्हा नाटक वाचले नव्हते. तो रागावला आहे, एवढेच मी पतींना सांगितले. पुढे नैरोबीत शाळेत हे नाटक शिकवताना ते वाक्य आले, तेव्हा त्या संध्याकाळी मी पतींना दादाच्या बोलण्याचा खरा अर्थ सांगितला. ते म्हणाले, ‘तेव्हाच कळला होता. तीन वर्षे मंडईतून भाजी काय मुक्यानेच आणत होतो?’

दादाने नंतर नाटक वाचले, आणि आता तो म्हणतो की शेक्सपिअरनेही हाच इशारा दिला आहे, शेवटी ती मेलीच ना. हा युक्तिवाद जुना आहे. थॉमस रायमर नावाच्या टीकाकाराने १६९३ सालीच लिहून ठेवले की आईबापांच्या संमतीवाचून कुलीन मुलींनी काळ्या माणसाबरोबर पळून जाऊ नये, हा या नाटकाचा धडा. माझे मत स्पष्ट आहे: असा धडा काढणाऱ्याला इयागो दिसलेलाच नसतो. अर्थात डेस्डेमोनाचा गळा ऑथेल्लोच्याच हातांनी आवळला जातो, आणि तो दोष व्हेनिसवर ढकलून त्याला मोकळे सोडता येत नाही, हेही उत्तरात लिहावे. तसेच ‘निषिद्ध’ हा शब्द जपून वापरावा. दक्षिण आफ्रिकेत १९४९ पासून १९८५ पर्यंत किंवा अमेरिकेतील व्हर्जिनियात १९६७ पर्यंत होता तसा कायदा या नाटकात नाही. लग्न कायदेशीर आहे आणि ड्यूकने ते मान्य केले आहे. अडचण फक्त जेवणाच्या पाटावरून बोहल्यावर येण्याची आहे.

पाचव्या अंकातील ग्रॅशियानोची, म्हणजे ब्रॅबॅन्शिओंच्या भावाची, ओळ सहसा कोणी उद्धृत करीत नाही, आपण जरूर करा. डेस्डेमोनाच्या प्रेतापाशी उभा राहून तो म्हणतो, तुझे वडील गेले हे बरेच झाले, तुझ्या लग्नानेच त्यांचा जीव घेतला. ते खरे आहे का, असे मंचावर कोणीही विचारत नाही. १९९२ साली आप्पांच्या दहाव्याला दादा हेच बोलला, आणि तेव्हाही कोणी विचारले नाही. आप्पांना वीस वर्षे मधुमेह होता, आणि दर शनिवारी त्यांच्यासाठी पाव किलो पेढे दादाच आणत असे.